पळणारे, उडणारे, हादरवणारे गजर: कोणाला कोणता उपयोगी पडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फोनवर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सहा गजर लावूनही सकाळी तुम्हाला जाग येत नाही. घरातले सांगतात की प्रत्येक गजर तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करता, पण तुम्हाला त्यातले काहीच आठवत नाही. म्हणून चाकांवर पळून जाणारे, पंखा हवेत सोडणारे किंवा पलंग हादरवणारे घड्याळ घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते, असे तुम्ही विचारले आहे.

निद्राविकारांच्या रुग्णांबरोबर काम करताना ही घड्याळे मी पुष्कळ हाताळली आहेत. काही रुग्णांनी तपासणीच्या टेबलावर आणून ठेवली, तर दोन-तीन मी स्वतःच्या उशाशी ठेवून पाहिली. त्यामुळे ती निव्वळ खेळणी आहेत असे मी म्हणणार नाही. मात्र यातले प्रत्येक घड्याळ एका ठरावीक अडचणीवर बेतलेले असते आणि घेणारा मात्र आपली अडचण कोणती याचा विचार न करता सर्वांत गमतीचे दिसणारे घड्याळ उचलतो. मग आठ-दहा दिवसांत ते खणात जाऊन पडते आणि ‘माझ्यावर कशाचाच परिणाम होत नाही’ असा समज तेवढा पक्का होतो.

आपण सरसकट ‘उठणे’ म्हणतो, त्यात तीन वेगवेगळ्या पायऱ्या असतात. गजर मेंदूपर्यंत पोहोचून जाग येणे ही पहिली, जाग आल्यावर अंथरूण सोडणे ही दुसरी आणि अंथरूण सोडल्यावर पुन्हा आडवे न होणे ही तिसरी. कोणाचे घोडे कोणत्या पायरीवर अडते हे बाहेरून कळत नाही; बहुतेकांना ते स्वतःलाही ठाऊक नसते.

झोपेच्या तपासणीत रात्रभर मेंदूलहरींचा आलेख काढला जातो. अशा एका तपासणीच्या वेळी एका तरुणाने परवानगी घेऊन स्वतःचा फोन उशीखाली ठेवला होता. पहिला गजर वाजला तेव्हा पडद्यावर गाढ झोपेच्या उंच, संथ लहरी चालल्या होत्या. त्यात एक मोठा टोकदार उंचवटा उमटला आणि लहरी जणू काही झालेच नाही अशा पुढे चालू राहिल्या. दुसऱ्या गजराला लहरी बारीक आणि जलद झाल्या, हनुवटीच्या स्नायूंची रेषा दाट झाली, उजवा हात उशीखाली गेला, अंगठा काचेवरून एकदा सरकला आणि आवाज थांबला. हात उशीखालीच राहिला. अर्धे मिनिट व्हायच्या आत पुन्हा झोपेच्या लहरी सुरू झाल्या. सकाळी त्याने मला अगदी ठामपणे सांगितले की फोन वाजलाच नाही. तो खोटे बोलत नव्हता. इतकी अल्प जाग स्मृतीत सहसा उतरतच नाही. तुमच्या घरी रोज सकाळी बहुधा हेच घडत असावे. याचा अर्थ पहिली पायरी तुम्ही अर्धीअधिक चढता. अडचण अशी आहे की गजर बंद करण्याचे काम तुमच्या हाताला इतके सरावाचे झाले आहे की त्यासाठी तुम्हाला जागे व्हावेच लागत नाही.

ही अडचण जुनी आहे. आंत्वान रेदिए या फ्रेंच घड्याळजीने हव्या त्या वेळेला लावता येणाऱ्या यांत्रिक गजराचे पेटंट १८४७ मध्ये घेतले, तरी ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत त्यानंतरही अनेक दशके पैसे घेऊन लोकांना उठवणारी माणसे होती. लांब काठीने ती खिडकीच्या काचेवर टकटक करत आणि आतून प्रतिसाद मिळाल्यावरच पुढच्या घरी जात. हा प्रतिसाद घेण्याचा भाग घड्याळात नव्हता. घड्याळ वाजायचे आणि आपले काम झाले असे मानायचे. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात ठरलेल्या वेळी झोपलेल्या माणसाला खाली उतरवणारा पलंगही मांडला गेला होता, म्हणजे नुसत्या घंटेने भागत नाही हे तेव्हाच लक्षात आले होते. आजची सगळी विचित्र घड्याळे मला त्या खिडकीवरच्या काठीची वारसदार वाटतात, कारण समोरचा खरोखर उठला की नाही, याची ती आपापल्या परीने खात्री करून घेतात.

त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे क्लॉकी. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये शिकत असताना गौरी नंदा यांनी ते तयार केले आणि विनोदी वाटणाऱ्या पण विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे इग नोबेल पारितोषिक, अर्थशास्त्र विभागात, २००५ मध्ये त्यांना मिळाले. त्याच्या पहिल्या नमुन्यावर लांब धाग्यांच्या गालिच्याचे कापड चढवलेले होते, त्यामुळे तो एखाद्या केसाळ प्राण्यासारखा दिसे. बाजारात आलेल्या रूपात मधल्या पिंपासारख्या भागापेक्षा दोन्ही चाके मोठी आहेत, म्हणून ते टेबलावरून पडले तरी कसेही पडो, चाकांवरच उभे राहते. एकदा स्नूझ (गजर काही मिनिटे पुढे ढकलणारी कळ) दाबू देते आणि पुढच्या वेळी टेबलावरून उडी मारून, दिशा बदलत, किंचाळत खोलीभर पळत सुटते.

मी ते तीन आठवडे वापरले. पहिल्या दिवशी पलंगाखाली हात घालून, पोटावर झोपून ते बाहेर काढले तेव्हा खरोखर पूर्ण जागा झालो होतो, आणि तेवढाच चिडलेलोही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मात्र रात्री झोपतानाच मी ते अशा कोपऱ्यात ठेवू लागलो, जिथून ते फार लांब जाणार नाही. हे मी जाणूनबुजून केले असे म्हणवत नाही, पण केले खरे. रात्रीचा मी सकाळच्या मला सामील झालो होतो. एका रुग्णाचे घड्याळ आठवडाभराने धुण्याच्या टोपलीत टॉवेलात गुंडाळलेले सापडले. ते तिथे कोणी ठेवले हे त्या घरात अजून ठरलेले नाही. शिवाय जाड गालिचा असेल तर चाके रुततात आणि खोलीत सामान फार असेल तर पहिल्याच अडथळ्यापाशी ते थांबून ओरडत राहते. ज्यांची पहिली पायरी ठीक आहे आणि दुसरी डळमळते, त्यांना हे घड्याळ उपयोगी पडते. पण खोली मोकळी हवी आणि त्याची जागा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी ठरवावी.

इथे एक गंभीर सूचना केली पाहिजे. गाढ झोपेतून दचकून उठलेल्या माणसाचा तोल आणि निर्णयशक्ती काही मिनिटे भरवशाची नसते. ज्यांना उभे राहिल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते, जे झोपेच्या गोळ्या घेतात, ज्यांचे वय झाले आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी अंधारात घड्याळामागे धावण्याचा खेळ करू नये. इतरांनीही गजराबरोबर लागणारा एखादा दिवा ठेवावा.

बाकीच्या करामतींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हवेत पंखा सोडणाऱ्या घड्याळाचा गजर तो पंखा शोधून परत खाचेत बसवल्याशिवाय थांबत नाही; कल्पना चांगली आहे, पण पंखा कपाटावर जाऊन पडला की माणूस सरळ सेल काढून टाकतो. चित्रकोड्याचे तुकडे उडवणारी, खेळण्यातल्या बंदुकीने नेम धरायला लावणारी आणि डंबेलसारखे तीस वेळा उचलायला लावणारी घड्याळे भेट द्यायला छान आहेत. नेम धरणे आणि डंबेल उचलणे ही दोन्ही कामे अंथरुणात बसून करता येतात, हा त्यांचा मूळ दोष आहे. फोनवर गणिते सोडवायला लावणाऱ्या गजरांचेही तेच; महिनाभरात लोक पडल्या पडल्या, एक डोळा उघडून सतरा अधिक अठ्ठावीस करायला शिकतात.

याउलट पाय जमिनीला लावणारे उपाय टिकतात. पायपुसण्यासारखी दिसणारी एक गजराची चटई मिळते. तिच्यावर काही सेकंद पूर्ण वजन देऊन उभे राहिल्याशिवाय ती गप्प बसत नाही. उत्पादक ती पलंगाशेजारी टाकायला सांगतात, पण तिथे तिच्यावर उभे राहून लगेच मागे कलंडता येते. ती न्हाणीघराच्या दाराशी किंवा खिडकीखाली टाकली तरच तिचा खरा उपयोग होतो. अलार्मीसारख्या ॲपमध्ये आधी ठरवून ठेवलेल्या वस्तूचा फोटो काढला किंवा बारकोड फोनला दाखवला तरच गजर थांबेल अशी सोय आहे. आरशाजवळच्या टूथपेस्टचा बारकोड त्यात नोंदवून ठेवला, तर पळणाऱ्या घड्याळाचे काम ते घड्याळ न घेताच होते आणि माणूस आपोआप पाण्याजवळ पोहोचतो. दुसऱ्या पायरीसाठी मी हाच उपाय सर्वांत आधी सुचवतो.

आता आवाजाविषयी. सॉनिक बॉम्ब नावाचे एक घड्याळ ११३ डेसिबलपर्यंत आवाज करते आणि त्याच्या या आकड्याचेच लोकांना आकर्षण वाटते. कानाच्या सुरक्षिततेसाठी वापरल्या जाणाऱ्या हिशेबात ८५ डेसिबल आठ तासांपर्यंत चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते; या हिशेबाने ११३ डेसिबलची मुदत दिवसाला एका मिनिटाच्याही आत संपते. असे घड्याळ कानापासून हातभर अंतरावर ठेवून रोज दोन मिनिटे वाजू देणे मला मुळीच मान्य नाही. त्यातून तुमच्या बाबतीत आवाज कमी पडतो आहे असे दिसतही नाही.

ज्यांना खरोखरच गजर ऐकू येत नाही, त्यांनी आवाजाच्या जोरापेक्षा त्याचा प्रकार बदलून पाहावा. आगीची सूचना देणाऱ्या यंत्रांवर झालेल्या अभ्यासांमधून या बाबतीत बरेच काही कळले आहे. अशा यंत्रांचा नेहमीचा आवाज सुमारे ३००० हर्ट्झचा, म्हणजे चिरका असतो. त्यापेक्षा ५२० हर्ट्झच्या आसपासचा, अनेक स्वरांश असलेला जाडसर आवाज झोपलेल्यांना जास्त खात्रीने उठवतो असे आढळले. वयोमानाने किंवा अन्य कारणाने ज्यांची वरच्या पट्टीची श्रवणशक्ती कमी झाली आहे, त्यांच्या बाबतीत तर हा फरक फार मोठा असतो. लहान मुलांबाबत आणखी एक गोष्ट दिसली: कर्कश भोंग्याने न उठणारी मुले नाव घेऊन हाक मारणाऱ्या आईच्या आवाजाने उठली. झोपेतही मेंदू स्वतःचे नाव वेगळे ओळखतो, हे १९६० पासून प्रयोगांनी माहीत आहे. त्यामुळे घरातल्या कोणाकडून तरी आपले नाव घेऊन मारलेली हाक ध्वनिमुद्रित करून ती गजर म्हणून लावणे हा उपाय मी पुष्कळांना सांगतो. ऐकायला तो पोरकट वाटतो, पण अपेक्षेपेक्षा जास्त वेळा लागू पडतो.

मुळात कर्णबधिर व्यक्तींसाठी बनवलेला, उशीखाली किंवा गादीखाली ठेवायचा कंपक, म्हणजे गजराच्या वेळी थरथरणारे छोटे यंत्र, हे माझ्या मते या सगळ्या बाजारातले सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. सॉनिक बॉम्बच्या काही नमुन्यांबरोबर तो जोडलेलाच येतो आणि घड्याळाचा आवाज पूर्ण बंद करून नुसता कंपकही वापरता येतो. शेजारी झोपलेल्याच्या झोपेचे खोबरे होत नाही आणि कानांवरही ताण येत नाही. कंपक उशीखाली ठेवून घड्याळ मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला असावे, म्हणजे बंद करायला उठावेच लागते. फक्त विकत घेण्यापूर्वी तारेची लांबी तेवढी पाहून घ्यावी.

सुगंधाने उठवणाऱ्या घड्याळांची जाहिरात मोहक असते. एका फ्रेंच तरुणाची अशी कल्पना २०१४ मध्ये गूगल विज्ञान मेळाव्याच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली आणि पुढे ‘सेन्सरवेक’ या नावाने ते घड्याळ विक्रीलाही आले. पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपलेल्या माणसांना पुदिन्याचा आणि पिरिडिन या उग्र रसायनाचा वास देऊन पाहिला होता, आणि गाढ झोपेत दोहोंचाही जवळपास काहीच परिणाम दिसला नव्हता. मग २०११ चे रसायनशास्त्राचे इग नोबेल ज्या जपानी संशोधकांना मिळाले, त्यांच्या वासाबीच्या (तिखट जपानी चटणीच्या) आग-सूचक यंत्राने झोपलेली माणसे कशी उठतात, असा प्रश्न पडेल. वासाबी नाकाला झोंबते आणि झोंबणे ही वासाची संवेदना नव्हे. ती वेदना आणि दाह ओळखणाऱ्या वेगळ्या मज्जातंतूमार्फत मेंदूत जाते. सौम्य सुगंधाने जाग येण्याची वाट पाहू नका, इतकाच व्यवहारातला मथितार्थ. मनगटाला सौम्य विजेचा झटका देणारे पावलोकसारखे पट्टेही आहेत. ते लोकांना उठवतात खरे, पण माझ्या पाहण्यात बहुतेकांनी ते झोपेतच काढून फेकले आहेत.

प्रकाशाने उठवणारे दिवे वेगळ्या जातीचे आहेत. गजराच्या वीस-तीस मिनिटे आधीपासून ते हळूहळू उजळत जातात, बंद पापण्यांमधून थोडा प्रकाश आत पोहोचतो आणि उठल्यानंतरची जडता कमी होते. ही जडता म्हणजेच तिसऱ्या पायरीचा अडसर. पहिली पंधरा ते तीस मिनिटे ती सर्वांत जास्त असते. झोप अपुरी असेल किंवा माणूस गाढ झोपेतून उठवला गेला असेल, तर तासभरही रेंगाळते. एरवी समंजस असणारी माणसे या अवस्थेत विलक्षण युक्तिवाद करतात. ‘आजची बैठक माझ्याशिवायही होईल’ हा निष्कर्ष साखरझोपेत अतिशय तर्कशुद्ध वाटतो. केवळ दिव्यावर विसंबून महत्त्वाची गाडी पकडायला जाऊ नये, पण आवाजाच्या गजराला त्याची जोड दिल्यास फरक जाणवतो. गजर कर्कश भोंग्याऐवजी सुरेल असेल तर उठल्यावर जडता कमी जाणवते, असे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत लोकांनी नोंदवले होते. तेव्हा जाग येत असेल, पण डोके जड राहत असेल, तर भोंगा बदलून पाहायला हरकत नाही.

स्नूझची कळ १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिक-टेलेक्रॉनच्या घड्याळातून आली आणि तिचा नऊ मिनिटांचा मापदंड आजही अनेक ठिकाणी टिकून आहे. तिच्यावर जेवढी टीका होते तेवढी ती दोषी नाही. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सवयीने स्नूझ वापरणाऱ्यांनी अर्धा तास ते केले तर झोप सुमारे सहाच मिनिटांनी घटली आणि त्यांच्या बौद्धिक चाचण्या बिघडल्या नाहीत. पण हा निष्कर्ष तिसऱ्या गजराला उठणाऱ्यांसाठी आहे. सहाव्यालाही न उठणाऱ्यांना त्यात फारसा दिलासा नाही.

इथवर सकाळचे झाले. माझ्याकडे घड्याळाचा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेकांचे उत्तर मात्र आदल्या रात्रीत असते. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते, किशोरवयीनांना आठ ते दहा. पाच तासांच्या झोपेवर उठवणारे घड्याळ कितीही हुशार असले तरी ते कर्ज फेडत नाही, फक्त वसुलीला येते. तुम्ही रात्री किती वाजता झोपता हे लिहिलेले नाही, म्हणून एक सोपी परीक्षा सांगतो. सलग चार-पाच दिवस सुट्टी असेल तेव्हा गजर न लावता, डोळे मिटू लागतील तेव्हा झोपा आणि आपोआप जाग येईल तेव्हा उठा. पहिले दोन दिवस थकबाकीचे म्हणून सोडून द्या. त्यानंतर पहाटे तीनला झोप लागून अकराला ताजेतवाने उठणे होत असेल, तर तुमचे शरीराचे घड्याळ उशिराकडे सरकलेले आहे. विलंबित निद्रा या नावाने हा विकार १९८१ मध्ये प्रथम वर्णिला गेला. अशा माणसाला सहाला उठवणे म्हणजे इतरांना मध्यरात्री उठवण्यासारखे असते. त्यात आळशीपणाचा संबंध नाही. त्यावर नैसर्गिकरीत्या जाग येण्याच्या वेळेला भरपूर प्रकाश घेणे, ती वेळ दर एक-दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणणे आणि रात्री उजेड कमी करणे हा मार्ग आहे. मात्र प्रकाश फार लवकर, म्हणजे शरीराच्या दृष्टीने ऐन रात्री घेतला तर घड्याळ उलट आणखी उशिराकडे सरकते, म्हणून हे मार्गदर्शनाखाली केलेले बरे.

पुरेशी, किंबहुना नऊ-दहा तास झोपूनही गजर ऐकू येत नसतील, उठल्यावर तासन्‌तास भ्रमिष्टासारखे वाटत असेल, जोरात घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे कोणी पाहिले असेल, किंवा दिवसा बसल्या जागी डोळा लागत असेल, तर घड्याळावर पैसे घालू नका. झोपेतील श्वासरोध आणि अतिनिद्रेचे विकार यांचे हे नेहमीचे रूप आहे. नैराश्य, थायरॉइडची कमतरता आणि सर्दी-ॲलर्जीची गुंगी आणणारी औषधे यांचाही विचार करावा लागतो. डॉक्टर बहुधा एपवर्थ मापनाचे, म्हणजे दिवसा किती झोप येते हे मोजणारे, आठ प्रश्न विचारतील. २४ पैकी १० च्या वर गुण आले तर पुढची तपासणी ठरते. गाडी चालवताना एकदाही डुलकी लागली असेल, तर ही भेट पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

तुमच्यापुरते सांगायचे तर पलंग हादरवणारे घड्याळ घ्या, त्याचा आवाज मध्यम ठेवा, कंपक उशीखाली आणि घड्याळ दाराशी ठेवा. फोन झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवा आणि त्यावर दहा मिनिटांनंतरचा एकच, टूथपेस्टच्या बारकोडने थांबणारा गजर लावा. दोन आठवडे एका वहीत झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ आणि घरातल्यांनी काय पाहिले, असे तीन रकाने भरा. तिसरा रकाना घरातल्यांनीच भरायचा, कारण त्या वेळच्या तुमच्या साक्षीला काही अर्थ नाही. एवढे करूनही फरक पडला नाही, तर तीच वही घेऊन निद्राविकारतज्ज्ञांकडे जा. आणि सध्याचे ते सहाही गजर आज रात्रीच काढून टाका. ते तुम्ही सोडून घरातल्या सर्वांना उठवत आहेत.